विश्लेषण : विमानाच्या १५ किलोंत बसतील असे स्कुबा फिन्स कसे निवडायचे?

मुंबई-पुण्याहून अंदमानला निघालेल्या हौशी डायव्हरची पहिली परीक्षा विमानतळावरच्या वजनकाट्यावर होते. देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर साधारणपणे १५ किलो चेक-इन आणि ७ किलो केबिन सामान नेता येते. आता हिशेब पाहा. पाण्यात तरंगण्या-बुडण्यावर ताबा ठेवणारे जॅकेट, म्हणजे बीसीडी, तीन किलोंच्या आसपास. रेग्युलेटर नळ्यांसकट अडीच-तीन किलो. तीन मिलीमीटरचा वेटसूट दीड-दोन किलो. मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर, टॉर्च मिळून आणखी एक किलो. त्यात जड रबरी फिन्स आणि त्यांच्यासोबतचे बूट टाकले की एकूण वजन बारा किलोंवर जाते. आठवड्याचे कपडे, साबण-टॉवेल आणि रिकाम्या बॅगेचे स्वतःचे वजन अजून धरलेलेच नाही. हवेची टाकी आणि कमरेला बांधायची शिशाची वजने तिथल्या डाइव्ह सेंटरवर मिळतात, एवढाच काय तो दिलासा.

कात्री लावायची म्हटली की नजर आधी फिन्सकडे वळते, कारण बॅगेत सर्वात लांब, सर्वात अडनिड वस्तू तीच असते. मग ऑनलाइन ‘ट्रॅव्हल फिन्स’ शोधले जातात, आखूड आणि हलकी जोडी मागवली जाते आणि ती विमानात मजेत बसते. तिची खरी किंमत कळते ती बोटीपासून पन्नास मीटरवर, प्रवाह समोरून यायला लागल्यावर. प्रवासाला सोयीची आणि पाण्यातही भरवशाची अशी एकच जोडी मिळू शकते का? मिळते, पण त्यासाठी वजनाच्या आकड्यापलीकडे बऱ्याच गोष्टी पाहाव्या लागतात.

मुळात विकत घेण्याची गरज आहे का?

वर्षातून एकदा मालवणला जाऊन पर्यटक म्हणून एखादी डाइव्ह करणाऱ्याला अजिबात नाही. अशा पहिल्या अनुभवाच्या डाइव्हमध्ये प्रशिक्षकच पर्यटकाला धरून पाण्याखाली फिरवतो आणि सगळे साहित्य पॅकेजच्या पैशांतच येते. प्रमाणपत्राचा कोर्स केलेल्यांनाही बहुतेक डाइव्ह सेंटर्स साहित्य देतात.

तरीही जे वर्षाला दोन-तीन सहली करतात, त्यांनी स्वतःचे साहित्य घ्यायचे ठरवले तर क्रम असा असावा : आधी मास्क, मग फिन्स. बीसीडी आणि रेग्युलेटर भाड्याने घेतले तरी चालतात, कारण त्यांची मापे जुळवून घेता येतात. चेहरा आणि पाय मात्र ज्याचे त्याचेच असतात. भाड्याच्या फिन्समध्ये पाय घट्ट बसला तर बोटे बधिर होतात, सैल बसला तर दिवसभरात टाचेला फोड येतो. खाऱ्या पाण्यात भिजून कातडी आधीच नरम झालेली असते. चार दिवसांच्या सहलीत दुसऱ्याच दिवशी टाच सोलवटली, तर उरलेल्या दोन दिवसांचे भरलेले पैसे पाण्यात जातात, आणि डायव्हर मात्र किनाऱ्यावर राहतो.

वजन महत्त्वाचे की लांबी?

ही दोन वेगळी मापे आहेत आणि खरेदीच्या वेळी त्यांची नेहमी गल्लत होते. फ्रान्सच्या लुई द कोर्ल्यू यांनी १९३३ मध्ये पायाला बांधायच्या वल्ह्यांचे पेटंट घेतले, तिथून आजच्या फिन्सची गोष्ट सुरू होते. जॉर्ज बुशा यांनी १९६४ मध्ये पात्याला झरोके असलेला रबरी ‘जेट फिन’ आणला. त्या घडणीचे फिन्स आजही विकले जातात आणि तांत्रिक डायव्हिंग करणारे त्यांच्यावर जीव टाकतात. हे फिन्स लांबीला फारसे नसतात, पण भरीव रबरामुळे मोठ्या मापाची जोडी अडीच-तीन किलोंच्या घरात जाते. याउलट फ्री-डायव्हिंगचे लांब पात्यांचे फिन्स हातात घेतले तर हलके लागतात, पण ८०-९० सेंटीमीटर लांबीमुळे कोणत्याही नेहमीच्या सुटकेसमध्ये मावत नाहीत. म्हणजे आखूड तो हलका, लांब तो जड, असे काही गणित नाही.

स्कुबाचे सर्वसाधारण फिन्स ६० ते ६५ सेंटीमीटरच्या आसपास असतात. केबिन बॅगेची मर्यादा बऱ्याच ठिकाणी ५५ बाय ३५ बाय २५ सेंटीमीटर किंवा त्याच्या जवळपासची असते. इथे हिशेबी मंडळी कर्णाचा आधार घेतात. ५५ आणि ३५ च्या आयताचा कर्ण ६५ सेंटीमीटर भरतो, तेव्हा ६२ सेंटीमीटरचा फिन तिरका बसेल, असे वाटते. पण कर्ण हा रेघेचा हिशेब आहे आणि फिन रेघ नाही. त्याचे पाते २० सेंटीमीटर किंवा त्याहून रुंद असते. एवढ्या रुंदीची वस्तू तिरकी केली की तिचे कोपरे बॅगेच्या भिंतींना आधीच टेकतात आणि तिरके ठेवण्याचा फायदा जवळपास शून्यावर येतो. त्यातून चाके आणि हँडलची दांडी आतली दोन-चार सेंटीमीटर जागा खातात. तेव्हा केबिन बॅगेत न्यायचे असतील तर फिन्स ५० सेंटीमीटरच्या आसपासचे हवेत. ५५ हा आकडा छापील पत्रकात बरा.

केबिन बॅगेतूनच न्यायचा हट्ट प्रत्येकाने धरावा, असेही नाही. मधल्या आकाराच्या चेक-इन बॅगेत ६० सेंटीमीटरचा फिन आरामात राहतो. हातातल्या ७ किलोंत जागा द्यायची ती रेग्युलेटर, कॉम्प्युटर आणि मास्कला, कारण हे साहित्य महाग आणि नाजूक असते. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या तर केबिनमध्येच ठेवाव्या लागतात. डायव्हिंगचा चाकू मात्र चेक-इनमध्ये, हे विसरून बरेच जण तो सुरक्षा तपासणीत गमावतात. लक्षद्वीपला अगत्तीच्या विमानतळावर उतरणारी विमाने छोटी असतात. त्यांच्या डोक्यावरच्या कप्प्यांत मोठी केबिन बॅग बसेलच याची खात्री नाही, ती विमानाच्या दाराशी काढूनही घेतली जाऊ शकते. मालदीवमध्ये माले विमानतळावरून पुढे सी-प्लेनने जाणाऱ्यांना २० किलो सामान आणि ५ किलो हातातली बॅग एवढीच मुभा मिळते. मुंबईहून येताना मिळालेली ३० किलोंची सवलत तिथे कामाची नसते. प्रवासाच्या साखळीतली सर्वात कमी मर्यादा कोणती, ते आधी शोधायचे आणि बॅग तिच्या मापाने भरायची.

बंद टाचेचे की पट्ट्याचे?

वजनाचा सर्वात मोठा फरक इथे पडतो आणि नेमका तोच छापील माहितीत दिसत नाही. फिन्सचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात पाय अख्खा बुटासारखा आत जातो, टाचही झाकली जाते. दुसऱ्यात टाच मोकळी राहते आणि मागून पट्टा येतो. हा दुसरा प्रकार सहसा निओप्रीनच्या बुटांवर घालायचा असतो. दुकानात किंवा संकेतस्थळावर लिहिलेले वजन फक्त फिन्सचे असते. त्यात जाड तळव्याच्या बुटांचे सहाशे ते नऊशे ग्रॅम कोणी धरत नाही. परतीच्या प्रवासात हेच बूट ओले असले तर आणखी भर पडते, कारण निओप्रीन आणि त्यावरचे कापड पाणी धरून ठेवते. म्हणून तुलना नेहमी ‘फिन्स अधिक बूट’ अशी करावी. तशी केली की दीड किलोची बंद टाचेची जोडी एका बाजूला आणि दोन किलोंचे फिन्स अधिक पाऊण किलोचे बूट दुसऱ्या बाजूला येतात. फरक सव्वा किलोचा निघतो. जादा सामानासाठी विमान कंपन्या किलोमागे काहीशे रुपये घेतात, ते जाताना आणि येताना दोन्ही वेळा.

मग सगळ्यांनी बंद टाचेचेच घ्यावेत का? पाणी गरम असेल आणि डाइव्ह बोटीवरून होणार असेल तर खुशाल. अंदमान, लक्षद्वीप, मालदीव इथे समुद्राचे तापमान वर्षातला बराच काळ २६ ते ३० अंशांच्या दरम्यान असते. त्या पाण्यात पाय गारठत नाहीत आणि बोटीच्या कडेवरून थेट पाण्यात पडायचे असल्याने चालण्याचा प्रश्न नसतो. चोळण्याचा त्रास होत असेल तर दोन-तीन मिलीमीटरचे निओप्रीनचे मोजे घालता येतात, ते मुठीत मावतात.

पण किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचे असेल तर चित्र बदलते. अंदमानच्या स्वराजद्वीपवर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, नेमो रीफ हे नवशिक्यांच्या डाइव्हचे ठिकाण किनाऱ्यालगत आहे. पाठीवर टाकी आणि कमरेला शिसे असे वीसेक किलोंचे ओझे घेऊन मेलेल्या प्रवाळांच्या तुकड्यांवरून चालताना अनवाणी तळव्याचे काय होते, ते सांगायला नको. मध्येच एखादा समुद्री साळिंदर, म्हणजे काटेरी अर्चिन, पायाखाली आला तर सहल तिथेच आटोपते. इथे जाड तळव्याचे बूट हवेत आणि बूट म्हटले की पट्ट्याचे फिन्स आलेच.

अलीकडे या दोहोंच्या मधला एक प्रकार लोकप्रिय झाला आहे. टाच मोकळी, मागे ताणणारा पट्टा, पण फूट पॉकेट अनवाणी पायाच्या मापाचे. स्कुबाप्रोचा ‘गो स्पोर्ट’ हे त्याचे ठळक उदाहरण. बंद टाचेच्या फिन्सइतका हलका, आणि पट्टा असल्याने माप थोडे मागेपुढे असले तरी भागते. प्रवासाच्या दृष्टीने ही चांगली सोय आहे. मात्र अनवाणी मापाचा फिन घेतला आणि नंतर थंड पाण्यात जायचे ठरले, तर त्यात जाड बूट शिरत नाही आणि दुसरी जोडी घ्यावी लागते. किंमतही कमी नाही. नामांकित कंपन्यांचे असे फिन्स भारतात पंधरा हजारांच्या आसपास किंवा त्यापुढे जातात. एवढे पैसे घालण्याआधी पुढच्या दोन-तीन वर्षांत कुठे जायचे आहे, याचा विचार झालेला बरा.

पट्ट्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. बकलांचा रबरी पट्टा उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने चिरकतो आणि तुटतो तो नेमका बोटीवर, सगळे तयार होऊन बसल्यावर. स्टीलच्या स्प्रिंगचा पट्टा वर्षानुवर्षे टिकतो, ओढला की बसतो, पण त्याने वजन थोडे वाढते. ताणणाऱ्या बंजी दोरीचा पट्टा हलका असतो. रबरी पट्टाच असेल तर एक जादा पट्टा बॅगेत टाकावा, तो पन्नास-शंभर ग्रॅमचा भार सोसण्यासारखा आहे.

फिन आखूड झाला की पाण्यात नेमके काय होते?

पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असते. त्यात पुढे सरकायचे तर पाणी मागे ढकलावे लागते. तेवढाच जोर दोन प्रकारे मिळू शकतो : भरपूर पाणी सावकाश ढकलून, किंवा थोडे पाणी जोरात ढकलून. पहिल्या प्रकारात ताकद कमी खर्च होते. मोठे पाते भरपूर पाणी ढकलते, त्यामुळे संथ लयीत पाय मारूनही काम होते. आखूड पाते थोडेच पाणी ढकलते, मग पाय भराभर मारावे लागतात. भराभर पाय मारले की श्वास वाढतो आणि टाकीतली हवा लवकर संपते. पन्नास मिनिटांची डाइव्ह चाळिसाव्या मिनिटाला आवरावी लागते आणि सोबतचा डायव्हर मनातल्या मनात काय म्हणतो, ते पाण्याखाली ऐकू येत नाही एवढेच.

वेगाचा हिशेब याहून कठोर आहे. पाण्याचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट करायचा तर अवरोध चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट. म्हणूनच प्रवाहाविरुद्ध ‘थोडे जोरात’ पोहणे प्रत्यक्षात थोडे नसते. एक नॉट, म्हणजे ताशी १.८५ किलोमीटरचा प्रवाह कागदावर किरकोळ दिसतो. रस्त्यावर लहान मूलही याहून भरभर चालते. पण अंगावर साहित्य चढवलेल्या साधारण डायव्हरला तेवढ्या प्रवाहाविरुद्ध काही मिनिटांपेक्षा जास्त टिकणे जड जाते. मालदीवमधल्या बेटांमधल्या खाड्या किंवा इंडोनेशियातले कोमोडो ही ठिकाणे तर प्रवाहांसाठीच ओळखली जातात. तिथे जाताना बॅगेतले दहा सेंटीमीटर वाचवण्यासाठी अगदी आखूड, लुळ्या पात्याचा फिन नेणे हा वाईट सौदा आहे.

ऑनलाइन खरेदीत सर्वाधिक फसगत इथेच होते. ‘ट्रॅव्हल फिन्स’ या नावाखाली विकली जाणारी बरीच स्वस्त उत्पादने स्नॉर्केलिंगसाठी बनवलेली असतात. पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत मासे पाहायला ३५-४० सेंटीमीटरचा मऊ फिन पुरतो, कारण अंगावर टाकी-जॅकेटचा बोजा नसतो. तोच फिन स्कुबाच्या संपूर्ण साहित्याला ढकलायला अपुरा पडतो. पाते हाताने वाकवून पाहावे. जराशा जोरात दुमडून तसेच पडून राहिले तर ते स्कुबाचे नव्हे. वाकून झटकन सरळ झाले पाहिजे.

उलट टोकही बरे नाही. ताठ आणि मोठ्या पात्याचा सगळा भार घोटा आणि पोटरीवर येतो. सवय नसलेल्याच्या पोटरीत विसाव्या मिनिटाला गोळा येतो, आणि दहा मीटर खोलीवर पोटरी चोळत बसणे सुखाचे नसते. आठवडाभर कार्यालयात खुर्चीवर बसून शनिवारी डाइव्हला येणाऱ्यांनी मध्यम ताठपणाचा फिन घ्यावा. गुडघ्याचे दुखणे असणाऱ्यांना मधोमध चिरलेल्या पात्याचे स्प्लिट फिन्स सोपे जातात. मात्र मागे सरकणे, जागच्या जागी वळणे अशा बारीक हालचालींना ते साथ देत नाहीत.

तरंगणारे फिन्स, बुडणारे फिन्स

पात्याचे द्रव्य बदलले की पाण्यातले वागणे बदलते. पॉलीप्रॉपिलीनसारखे प्लास्टिक समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके असते, ते तरंगते. भरीव रबर बुडते. जमिनीवर तीन किलो भरणारी रबरी जोडी पाण्यात विस्थापित पाण्याचे वजन वजा केल्यावर काहीशे ग्रॅमच उरते खरी, पण हे वजन शरीराच्या अगदी टोकाला असते. तराजूच्या दांडीच्या टोकाला ठेवलेले लहान मापही दांडी झुकवते, तसेच इथे होते. फुप्फुसे वर उचलतात, पाय खाली ओढले जातात आणि डायव्हर आडवा राहण्याऐवजी तिरपा होतो.

थंड पाण्यात हवाबंद ड्रायसूट घालणाऱ्यांचे पाय सूटमधल्या हवेने वर जायला बघतात, म्हणून त्यांना जड फिन्स उपयोगी पडतात. परदेशी व्हिडिओंमध्ये जड रबरी फिन्सची जी तारीफ ऐकू येते, ती बऱ्याचदा या मंडळींची असते. तीन मिलीमीटरचा सूट किंवा नुसता रॅश-गार्ड घालून २८ अंशांच्या पाण्यात उतरणाऱ्याला तो सल्ला लागू पडत नाही. इथे हलके फिन्स बॅगेलाही सोयीचे आणि शरीराच्या तोलालाही. प्रवासी डायव्हरच्या वाट्याला आलेला हा दुर्मीळ योगायोग आहे. ज्यांचे पाय मुळातच वर तरंगतात, असेही काही जण असतात. त्यांनी मात्र तरंगणारे प्लास्टिक टाळून पाण्यात जेमतेम बुडेल असा फिन पाहावा.

तोलाचा हा मुद्दा केवळ ऐटीचा नाही. पाय खाली गेलेला डायव्हर प्रत्येक किकला तळाची वाळू उडवतो आणि प्रवाळांना पात्याचा फटका देतो. फिन शरीराच्या मागे असतो, त्यामुळे फटका कोणाला लागला हे त्याचे त्यालाही कळत नाही. मालवण किनाऱ्यालगतचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातल्या उथळ पाण्यात प्रवाळ आहेत आणि हंगामात पर्यटकांची रीघ असते. जिथे पाणी पाच-सहा मीटर खोल आणि दृश्यमानता बेताची, तिथे लांब पाते अडचणच करते. पाय बेडकासारखे बाजूला फाकवून मारायची ‘फ्रॉग किक’ शिकून घेतली की पात्याचा झोत मागे जातो, खाली जात नाही. थोडे ताठ आणि मध्यम लांबीचे पाते या किकला चांगले.

मापाची खात्री कशी करायची?

शक्य असेल तर दुकानात जाऊन, दुपारनंतर. दिवसभरात पाय किंचित सुजतो आणि पाण्यात जाताना तो तसाच असतो. पट्ट्याचे फिन्स घ्यायचे तर स्वतःचे बूट सोबत न्यावेत, कारण तीन आणि पाच मिलीमीटरच्या बुटांमुळे माप बदलते. बसून पाय आत घालावा, मग पाय उचलून जोरात हलवावा. फिन पायासोबत हलला पाहिजे, पायावर हलता कामा नये. बोटे आत वळत असतील तर तो लहान. बंद टाचेच्या फिनमध्ये टाचेच्या वरची कड स्नायूला रुतत असेल तर दुकानातला सौम्य त्रास तिसऱ्या डाइव्हला जखम होतो.

ज्यांचा चवडा रुंद आहे, त्यांनी लांबीच्या मापावर विसंबू नये. काही कंपन्यांचे फूट पॉकेट निमुळते असते आणि बुटाच्या नेहमीच्या नंबराप्रमाणे मागवलेला फिन चवड्याला आवळतो. ‘४२-४३’ हा आकडा एका कंपनीत सैल तर दुसऱ्या कंपनीत घट्ट निघू शकतो. ऑनलाइन घ्यायचाच असेल तर परत करण्याची अट आधी वाचावी आणि घरात कोरड्या पायाने, गालिच्यावर घालून पाहावा. एकदा समुद्रात नेलेली जोडी कोणी परत घेत नाही. आणखी एक साधा मार्ग आहे : पुढच्या सहलीत डाइव्ह सेंटरवरच्या वेगवेगळ्या जोड्या मागून वापरायच्या आणि पायाला कोणती मानवते, ते लिहून ठेवायचे.

मग घ्यायचा कोणता?

मालवण किंवा कर्नाटकातल्या मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला गाडीने किंवा कोकण रेल्वेने जाणाऱ्यांना वजनकाट्याची भीती नाही. त्यांनी पायाला बसेल तो फिन घ्यावा, दोन किलो इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही. वर्षातून एक-दोनदा विमानाने अंदमान-लक्षद्वीप, आणि बहुतेक डाइव्ह बोटीवरून, असे गणित असेल तर बंद टाचेचा किंवा अनवाणी मापाचा, ५० ते ६० सेंटीमीटरचा, मध्यम ताठ पात्याचा फिन आणि सोबत पातळ मोजे हा सर्वात सुटसुटीत पर्याय. किनाऱ्यावरून शिरण्याची शक्यता असेल तर पातळ पण टणक तळव्याचे बूट आणि पट्ट्याचा हलका फिन. तेच बूट बोटीवर, होडीच्या धक्क्यावर आणि ओल्या शिड्यांवर चपलेचे काम करतात, म्हणजे बॅगेतली एक चप्पल कमी होते. प्रवाहाच्या ठिकाणी जाणाऱ्यांनी लांबी सोडू नये. तिथे बॅगच मोठी घ्यावी आणि कपात टी-शर्टमध्ये करावी.

पाते आणि फूट पॉकेट वेगळे करता येणारे फिन्सही मिळतात. बॅगेत ते छान बसतात. पण जोडणीच्या ठिकाणी स्क्रू किंवा खटका असतो आणि बेटावर त्यातला एक भाग हरवला की उरलेला फिन शोभेचा. ते घेणाऱ्याने सुटे भाग आणि स्क्रू-ड्रायव्हर सोबत बाळगावा.

बॅगेत कसे भरायचे आणि परतताना काय?

फिन्स बॅगेच्या दोन्ही बाजूंना, पाती कडेच्या भिंतीला लागून उभी ठेवावीत. त्यांच्यामुळे मधल्या साहित्याला धक्के बसत नाहीत. फूट पॉकेटची पोकळी रिकामी नेऊ नये, त्यात मोजे, चार्जर किंवा डब्यातला मास्क जातो. नव्या फिन्ससोबत फूट पॉकेटमध्ये घातलेले प्लास्टिकचे साचे येतात, ते बरेच जण खोक्यासोबत फेकून देतात. साठवणीत आणि प्रवासात टाचेचा आकार टिकतो तो त्यांच्यामुळे. पाते कधीही दुमडून किंवा वर जड वस्तू ठेवून नेऊ नये. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत पडून राहिलेले प्लास्टिकचे पाते वाकडे होते आणि तसेच राहते. वाकडा फिन पाण्यात एका बाजूला ओढतो.

शेवटच्या दिवशी ओल्या सामानाचे वजन नको असेल तर त्याची सोय डायव्हिंगच्या नियमातच आहे. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, सलग काही दिवस किंवा दिवसातून अनेक डाइव्ह केल्यानंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जावे लागतात. एकच साधी डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास. म्हणजे शेवटची डाइव्ह आदल्या दिवशी सकाळी संपवून साहित्य गोड्या पाण्यात बुचकळायला आणि सावलीत टांगायला पूर्ण दुपार आणि रात्र हाताशी असते. तेवढ्या वेळात फिन्स कोरडे होतात. बूट होत नाहीत. ते उलटे टांगून आतल्या तळव्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि झोपण्यापूर्वी एकदा ते बोळे बदलावेत.